वाहनकर आणि रस्त्यांचा निधी

वाहनधारकांकडून घेतलेला कर रस्त्यांसाठीच राखून ठेवावा, की तो सर्वसाधारण तिजोरीत जमा करून सरकारने गरजेप्रमाणे खर्चावा, हा वाद भारतात जवळजवळ शंभर वर्षे चालू आहे. १९२९ साली केंद्रीय मार्ग निधी स्थापन झाला तेव्हा पेट्रोलवरच्या कराचा एक भाग रस्त्यांसाठी वेगळा काढण्याचे तत्त्व देशपातळीवर पहिल्यांदा मान्य झाले. खुद्द वाहनावरचा कर मात्र तेव्हाही त्या तत्त्वाबाहेर राहिला आणि मोठ्या प्रमाणात आजही बाहेरच आहे. हे असे का झाले, हे या निधीच्या इतिहासावरून कळते.

मोटारी येण्यापूर्वीही रस्त्यांसाठी राखीव पैसा ही कल्पना मुंबई इलाख्याला परकी नव्हती. भोर घाटातून गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि अशा घाटरस्त्यांवर टोलनाके बसले. त्याहून मोठी तरतूद लोकल फंडाची होती. १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा उपकर सुरू झाला आणि १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. त्याचे दोन तृतीयांश रस्त्यांना आणि एक तृतीयांश शाळांना अशी वाटणी ठरलेली होती. म्हणजे जिल्ह्यातला रस्ता शेतकऱ्याच्या पैशाने होत असे, मग त्याच्या दारात बैलगाडी असो वा नसो. हा पैसा तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डांच्या हाती राहत असल्याने तो कुठे गेला हे गावाला पाहता येत असे. पुढच्या कोणत्याही मार्ग निधीत हा गुण तितक्या प्रमाणात उतरला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर हे गणित कोलमडले. मुरूम आणि खडी पाणी मारून दाबलेले रस्ते बैलगाडीच्या संथ चाकासाठी ठीक होते. मोटारीच्या वेगाने त्यांचा वरचा थर उखडू लागला आणि उन्हाळ्यात धुळीचे लोट उठू लागले. डांबरीकरण हा उपाय होता, पण तो महाग होता. त्यातच १९१९ च्या घटनात्मक सुधारणांनी रस्ते हा विषय प्रांतांकडे सोपवला होता आणि प्रांतांनी बहुतेक रस्ते लोकल बोर्डांवर टाकले होते. बोर्डांचे उत्पन्न शेतसाऱ्याला बांधलेले. मोटारी वाढल्या तरी त्यात दमडीची भर पडत नव्हती. पेट्रोलवरचे शुल्क मात्र केंद्र सरकार वसूल करत होते. रस्ता झिजवणाऱ्या वाहनाचा पैसा दिल्लीत जमा होई आणि दुरुस्तीचा भार सोलापूर किंवा खानदेशातल्या बोर्डावर पडे.

या विसंगतीवर उपाय सुचवण्यासाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये केंद्रीय विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांची समिती नेमली गेली. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर तिचे अध्यक्ष होते. पुढे ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १९४८ साली पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. महाराष्ट्रात त्यांचे नाव विद्यापीठामुळे आणि राजकारणामुळे घेतले जाते. रस्ते अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर जयकर समिती फारशी कोणाला आठवत नाही. ही उपेक्षा अन्यायाची आहे, कारण भारतातल्या रस्त्यांच्या अर्थकारणाचा पाया या समितीने घातला.

१९२८ च्या अहवालात समितीने मांडलेला युक्तिवाद सरळ होता. रस्त्यांचा विकास प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आर्थिक कुवतीपलीकडे गेला आहे, रस्ते ही आता राष्ट्रीय हिताची बाब झाली आहे, म्हणून केंद्राने त्यात पैसा घालावा. हा पैसा उभारण्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा शुल्क घ्यावे आणि ते रस्त्यांच्या विकासासाठीच वापरावे, अशी शिफारस समितीने केली. मार्च १९२९ पासून पेट्रोलवरचे शुल्क गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे झाले आणि वाढीव दोन आणे मार्ग निधीत जाऊ लागले. निधीचा दहावा हिस्सा केंद्राने संशोधनासाठी आणि विशेष कामांसाठी ठेवला. उरलेला भाग प्रांतांना आणि संस्थानांना पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात वाटायचे ठरले.

या व्यवस्थेत दोन उणिवा पहिल्या दिवसापासून होत्या. खपाच्या प्रमाणात वाटप म्हणजे जिथे आधीच मोटारी जास्त, तिथे पैसाही जास्त. ज्या प्रदेशात रस्त्याअभावी मोटार पोहोचत नव्हती, त्याच्या वाट्याला फारसे काही येत नसे. दुसरी उणीव अधिक खोल होती. निधी विकासासाठी होता. तयार झालेल्या रस्त्याची देखभाल प्रांताने आणि बोर्डाने आपल्या नेहमीच्या उत्पन्नातून करावी अशी अपेक्षा होती. रस्ता बांधायला राखीव पैसा आणि तो टिकवायला उरलासुरला पैसा, ही विभागणी तेव्हापासून भारतीय रस्त्यांच्या मागे लागली.

राखीव निधीच्या नशिबी काय येऊ शकते हे समितीला ब्रिटनकडे पाहून कळत होते. तिथे लॉइड जॉर्ज यांच्या १९०९ च्या अर्थसंकल्पाने मोटारींवर आणि पेट्रोलवर कर बसवून त्याचे उत्पन्न रस्त्यांना देण्याचे वचन दिले होते. १९२० च्या कायद्याने त्यासाठी रोड फंड उभा राहिला. काही वर्षांतच निधीत मोठी शिल्लक साठली आणि अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी १९२६ आणि १९२७ च्या अर्थसंकल्पांत ती सर्वसाधारण खर्चाकडे वळवली. वाहनकर आणि रस्ते यांचे थेट नाते तिथे १९३७ मध्ये संपले. अमेरिकेत मात्र ही कल्पना रुजली. ओरेगॉन राज्याने १९१९ साली पेट्रोलवर गॅलनला एक सेंट कर बसवून तो रस्त्यांना दिला, इतर राज्यांनी तेच केले आणि १९५६ मध्ये संघराज्याचा महामार्ग निधीही त्याच पायावर उभा राहिला.

भारतात निधीची कसोटी लगेचच लागली. जागतिक मंदीत सरकारचे उत्पन्न आटले आणि १९३१ मध्ये पेट्रोलवरचे शुल्क दोनदा वाढवून गॅलनला दहा आण्यांवर नेले गेले. त्यातले अडीच आणे मार्ग निधीला मिळाले, बाकी सर्वसाधारण तिजोरीत गेले. वाहनधारकाला कर म्हणून दहाही आणे सारखेच जाणवत होते. प्रांतांकडेही निधीचा पैसा वेळेवर खर्च होत नव्हता. म्हणून १९३७ च्या ठरावाने विनाकारण दिरंगाई करणाऱ्या प्रांताचा हिस्सा परत घेण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला. नुसता पैसा वेगळा ठेवला की तो रस्त्यावर पोहोचतोच असे नाही, हे त्या आठ वर्षांत सिद्ध झाले होते.

या काळात रस्त्यांसाठी झालेले चांगले कामही सांगायला हवे. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली आणि देशभरच्या अभियंत्यांना एक व्यासपीठ मिळाले. डिसेंबर १९४३ मध्ये सर्व प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. त्यांनी आखलेली योजना नागपूर योजना म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामरस्ते ही आजही वापरात असलेली वर्गवारी तिथेच पक्की झाली आणि वीस वर्षांत दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे १६ किलोमीटर रस्त्याचे लक्ष्य ठरले. १ एप्रिल १९४७ पासून राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी केंद्राने घेतली.

राज्यघटनेने कराची विभागणी कायम केली. वाहनांवरचा कर आणि टोल हे विषय राज्यसूचीत गेले, पेट्रोलवरचे उत्पादनशुल्क केंद्राकडे राहिले. मुंबई इलाख्यात मोटार वाहन कराचा कायदा १९३५ मध्ये झाला होता, त्याच्या जागी १९५८ चा कायदा आला. महाराष्ट्रात आजही वाहनकर घेतला जातो तो याच कायद्याखाली. लोक त्याला रोड टॅक्स म्हणतात, पण तो भरणाऱ्याचा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचे हप्ते, रस्ते अशा सगळ्याच वाटा फुटतात.

या करामागचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयातही तपासले गेले. राज्याराज्यांतल्या मुक्त व्यापाराला घटनेचे अनुच्छेद ३०१ संरक्षण देते. मग मालमोटारींवरचा कर हा त्या व्यापारातला अडथळा नव्हे काय, असा प्रश्न राजस्थानातल्या वाहतूकदारांनी विचारला होता. १९६२ च्या निकालात न्यायालयाने असा कर भरपाईच्या स्वरूपाचा मानला. रस्त्याच्या सोयीचा तो मोबदला आहे आणि सोयीच्या मानाने तो फाजील नसेल तर व्यापाराला अडथळा ठरत नाही. मात्र त्यासाठी पैसा वेगळ्या निधीत ठेवलाच पाहिजे असे बंधन न्यायालयाने घातले नाही. राज्यांना ही सवलत सोयीची ठरली. कर रस्त्यांच्या नावाने समर्थनीय ठरला आणि खर्च मोकळा राहिला. नोव्हेंबर २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने भरपाई कराचे हे तत्त्वच बहुमताने बाजूला सारले. तेव्हापासून वाहनकर आणि रस्ते यांचा उरलेला कायदेशीर धागाही तुटला आहे.

वाहनकराचा भाग राखून ठेवण्याचा एक प्रयोग महाराष्ट्राने केला, पण तो रस्त्यांसाठी नव्हता. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये जे खास कर बसवले गेले, त्यात व्यवसाय कराबरोबर मोटार वाहनांवरचा अतिरिक्त करही होता. राज्य सरकारने या करांइतकीच रक्कम आपल्याकडून घालायची होती. पाझर तलाव, बंडिंग, विहिरी यांच्या जोडीने रोजगार हमीवर गावोगाव रस्तेही झाले. शहरातल्या वाहनधारकाचा पैसा दुष्काळी भागातल्या मजुराच्या हाताला मिळाला, हा या कराचा सर्वांत न्याय्य उपयोग म्हणावा लागेल. राखीव निधी टिकायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार आणि लोकांचा हक्क दोन्ही लागतात, हेही या योजनेने दाखवले.

केंद्रीय मार्ग निधी मात्र दरम्यान कोमेजला. त्याचा हिस्सा लिटरमागे काही पैसे इतकाच ठरलेला होता आणि पेट्रोलची किंमत कितीही वाढली तरी तो वाढत नव्हता. १९८८ मध्ये संसदेने तो किमतीच्या प्रमाणात वाढवण्याचा ठराव केला, तरी अंमल झाला नाही. खरे पुनरुज्जीवन १९९८ नंतरचे. त्या वर्षी पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरला एक रुपया उपकर आला आणि डिसेंबर २००० मध्ये केंद्रीय मार्ग निधी कायदा झाला. निधी ठरावाच्या आधाराने नव्हे तर कायद्याने उभा राहण्याची ही पहिली वेळ. डिझेलच्या उपकरातला निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांना मिळाला. उरलेल्या रकमेतून ५७.५ टक्के राष्ट्रीय महामार्गांना, ३० टक्के राज्यांच्या रस्त्यांना आणि १२.५ टक्के रेल्वे फाटकांवरील पुलांसारख्या कामांना, अशी वाटणी ठरली. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री ग्राम सडक योजना याच पैशावर चालली. जयकर समितीच्या खपानुसार वाटपात वंचित राहिलेली गावे सत्तर वर्षांनी यात आली.

पुढे उपकर वाढत गेला आणि त्याबरोबर निधीचा उद्देश पसरत गेला. २०१८ मध्ये निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द जोडले गेले आणि ऊर्जा, पाणीपुरवठा, शिक्षणसंस्था, रुग्णालये यांसारखी कामेही त्याच्या कक्षेत आली. त्या वर्षी लिटरला आठ रुपये असलेला उपकर मे २०२० मध्ये अठरा रुपयांवर गेला. वाढीमागे एक घटनात्मक कारण आहे. नेहमीच्या उत्पादनशुल्कात राज्यांना वाटा द्यावा लागतो, उपकरात द्यावा लागत नाही. रस्त्यांचे हित साधण्यासाठी जन्मलेले साधन अशा रीतीने केंद्राच्या महसुलाचे साधन झाले.

राज्यांनी आपली वाट टोलमध्ये शोधली. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले. मुंबईतले उड्डाणपूल आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्याने कर्ज काढून बांधले आणि टोलमधून फेड सुरू केली. टोल हाही राखीव पैसाच, पण एकाच रस्त्यापुरता. लोकांचा राग त्यावरच निघाला. २०१५ मध्ये राज्यातले बारा टोलनाके बंद झाले आणि इतर त्रेपन्न नाक्यांवर मोटारींना आणि एसटीला माफी मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरही हलक्या वाहनांचा टोल गेला. वाहन घेताना कर, इंधन भरताना उपकर आणि नाक्यावर टोल असे तीनदा पैसे घेतल्यावर खड्ड्यांचा जाब विचारणाऱ्या माणसाला दोष देता येत नाही.

राखीव निधीला अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे तो खरा आहे. सगळे कर आपापल्या कामाला बांधले तर दवाखाना आणि शाळा यांना पैसा उरणार नाही, आणि रस्त्यांना गरजेपेक्षा जास्त मिळाला तर तो उधळला जाईल. वाहनकर सगळ्यांना सारखा भिडत नाही हेही खरे. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या प्रसिद्ध चाचण्यांत आढळले की आसावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज ढोबळमानाने सोळापट होते. अतिभारित मालमोटार जेवढे नुकसान करते तेवढा कर कधीच भरत नाही.

देखभालीच्या बाबतीत मात्र हा आक्षेप लागू पडत नाही. नव्या रस्त्याला भूमिपूजन असते, उद्घाटन असते, त्यासाठी पैसा मिळतो. डांबराचा थर वेळेवर बदलण्याला समारंभ नसतो, म्हणून अर्थसंकल्पात कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. शिवाय खासगी मोटारीचा आणि दुचाकीचा कर आता एकरकमी घेतला जातो. राज्याला सारा पैसा पहिल्या दिवशी मिळतो, वाहन मात्र पंधरा वर्षे रस्ता वापरते. ती रक्कम त्याच वर्षी खर्चून टाकणे म्हणजे पुढच्या चौदा वर्षांची दुरुस्ती उधार ठेवणे होय. नवे रस्ते अर्थसंकल्पातून व्हावेत, कारण ते साऱ्या समाजाचे असतात. वाहनकराचा ठरावीक हिस्सा मात्र राज्याने कायदा करून देखभालीला बांधून द्यावा, त्यातला वाटा थेट जिल्हा परिषदांना आणि नगरपालिकांना मिळावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी विधिमंडळापुढे यावा.