ट्रस रॉडचा नट

ट्रस रॉडचा नट : गिटारच्या नेकमध्ये लांबीभर बसवलेल्या पोलादी सळीच्या टोकाचा नट. नेकचा बाक याने कमी-जास्त करता येतो. इलेक्ट्रिक गिटारच्या सहा पोलादी तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण साधारण ४५ किलोंच्या घरात जातो. हा ताण नेकला रात्रंदिवस तारांच्या बाजूला ओढत असतो आणि सळी तिला मागे धरून ठेवते. नट आवळला की नेक सरळ होते, सैल केला की पुढे झुकते. तारांची उंची ठरवायची जागा ब्रिज. ती उंची या नटाने उतरवू पाहणे हीच नासधुशीची सुरुवात असते.

गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना अशा सळीचे अमेरिकी पेटंट १९२३ मध्ये मिळाले. लिओ फेंडर यांनी १९५० मधल्या आपल्या पहिल्या काही गिटारी सळीविनाच काढल्या. मेपलची नेक ताण सोसेल असा त्यांचा होरा होता. तो चुकला आणि त्याच वर्षी त्यांच्या गिटारींत सळी आली.

अशी सळी न लागणारे वाद्यही आहे. मुंबईत लालबाग-परळच्या मिरवणुकांत विजेवर वाजणारे तारवाद्य म्हणजे बेंजो. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये घडवलेल्या ताइशोगोतोचा हा वंशज. भारतात तो बुलबुल तरंग झाला आणि पुढे पिकअप लावून थेट स्पीकरला जोडला गेला. बेंजोच्या तारा पेटीवरच ताणलेल्या असतात. त्याला सडपातळ, लांब मान नाही, म्हणून ट्रस रॉडही नाही. सूर हलला की खुंटी पिळायची, काम झाले. बेंजोवर हात बसलेल्याने गिटार घेतली आणि तार फ्रेटवर खरखरू लागली, की त्याचा हात सवयीने खुंटीकडेच जातो. दुखणे मात्र नेकच्या पोटात असू शकते.

मुंबईत हे दुखणे पावसाळ्यात वर येते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. चाळीतल्या खोलीत भिंतीला टेकून ठेवलेली गिटार ती ओल पिते. लाकूड फुगले की काही नेक पुढे झुकतात, काही मागे जातात; ते लाकडालाकडावर आहे. म्हणून पाऊस आला की पाव आटा फिरवायचा, असला ठोकताळा कामाचा नाही. आधी मोजावे. जाडी तार पहिल्या आणि सतराव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांमधली फट पाहावी. ती ०.२५ मि.मी.च्या आसपास असली की बहुतेक गिटारी नीट वाजतात. गॅरेजमधले फिलर गेज यासाठी उत्तम.

चावी नेमक्या मापाचीच हवी. गिरणगावातल्या फिटरांच्या तोंडचे ‘सूत’ इथे कामी येते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गिब्सनच्या नटाला अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची, बॉक्स पाना लागतो. आयबानेझला बहुधा ७ मि.मी.चा. काही नटांत ॲलन कीची खाच असते; दीड सुती खाचेचे माप भरते ४.७६ मि.मी. त्यात ५ मि.मी.ची ॲलन की शिरत नाही आणि साडेचारची सैल पडते. ही सैल चावीच नटाचे कोपरे खाते. कोपरे गोल झाले की पाच मिनिटांचे काम कारागिराकडे जाते.

नट साफ करायला काढण्यापूर्वी सळीची जात ओळखावी. एकाच दिशेने ओढणाऱ्या सळीचा नट सुटून हातात येतो. दोन्ही दिशांनी काम करणाऱ्या सळीचा नट सहसा जोडलेलाच असतो. उलट फिरवताना तो आधी ढिला पडतो आणि मग पुन्हा घट्ट लागू लागतो. तिथे थांबावे. पुढे जोर लावणे म्हणजे सळी मोडणे. नट गिटारच्या डोक्याशी असला तर झाकणाचे स्क्रू काढले की तो दिसतो. जुन्या फेंडर पद्धतीत तो नेकच्या बुडाशी असतो आणि त्यासाठी नेकच उतरवावी लागते.

तारा सैल कराव्यात. नटावर आणि लाकडावर पेन्सिलची एक सरळ रेघ ओढावी, मग घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत किती आटे झाले ते मोजून कागदावर लिहावे. नट हलेना तर जोर लावू नये. फिंगरबोर्डवर सरळ लाकडी पट्टी धरून तिच्या दोन टोकांखाली ठोकळे द्यावेत आणि मधोमध क्लॅम्पने नेक पट्टीकडे हलकेच ओढावी. सळीवरचा भार उतरतो आणि अडलेला नट पुष्कळदा नुसत्या बोटांनी फिरतो. ही युक्ती माहीत नसल्याने चांगल्या गिटारी वाया जातात, याचे वाईट वाटते.

निघालेला नट तळहातावर घेऊन उजेडात पाहावा. आट्यांत लाकडाचा भुसा आणि गंजाची तांबूस भुकटी अडकलेली असते. समुद्राकाठच्या शहरात ती असायचीच. जुन्या टूथब्रशने ती झाडावी. गंज सोडवणारे तेल कापसाच्या काडीने फक्त सळीच्या आट्यांना लावावे, लाकडाला थेंबही लागू नये. वॉशर लाकडात रुतून वाटीसारखा झाला असेल तर बदलावा. आवळताना आटे संपत आले होते असे आठवत असेल तर एक वॉशर वाढवावा. आट्यांना आणि वॉशरच्या तोंडाला ग्रीसचे पुसट बोट पुरते.

बसवताना नट आधी बोटानेच फिरवावा. वाकडा धरला तर आटे चढतात, आणि सळीचे आटे गेले की सळीच गेली. तारा सैल असतानाच चावीने मोजलेले आटे भरून जुन्या रेघेपर्यंत यावे. मग तारा सुरात लावून फट मोजावी. जास्त असेल तर अर्धा पाव आटा आवळावा, कमी असेल तर तेवढाच सोडावा, पुन्हा सूर लावावा. एका बैठकीत पाव आट्याच्या पुढे जाऊ नये. लाकूड सावकाश सरकते, त्यामुळे झाकण लगेच लावू नये. गिटार सुरात ठेवून रात्र जाऊ द्यावी, सकाळी पुन्हा फिलर गेज घालावे आणि फट तीच राहिली असेल तर स्क्रू बसवावेत.