गोतरणी

गोतरणी : महादेव कोळी जमातीची पूर्वकालीन जातिसभा. जमातीतील व्यक्तींच्या आचरणावर नजर ठेवणे, आचारभंगाची चौकशी करणे, दोषी व्यक्तीस वाळीत टाकणे आणि प्रायश्चित्तानंतर तिला पुन्हा जातीत घेणे, ही तिची प्रमुख कार्ये होत. धार्मिक श्रद्धा आणि टेहळणी यांच्या साहाय्याने समाजाचे नियंत्रण करणाऱ्या महाराष्ट्रातील संस्थांमध्ये तिची रचना विशेष लक्षणीय आहे. प्रत्येक कामासाठी वेगळा आणि वंशपरंपरागत अधिकारी नेमण्याची तिची पद्धत अन्य जातिसभांत क्वचितच दिसते.

महादेव कोळ्यांची वस्ती त्र्यंबक-इगतपुरीपासून अकोले, जुन्नर, खेड, मावळ या सह्याद्रीलगतच्या डोंगराळ मुलखातून दक्षिणेकडे पसरलेली आहे. नाशिक जिल्ह्यातील हरसूल हे बाजाराचे गाव या पट्ट्याच्या उत्तर टोकाकडे येते. पूर्वी ते पेठ संस्थानात होते. तेथे महादेव कोळ्यांखेरीज कोकणा, वारली, ठाकूर या जमातीही शेजारीशेजारी राहतात. पश्चिमेस जव्हारला मुकणे या महादेव कोळी घराण्याचे राज्य होते. जमातीचा सरनाईक मात्र जुन्नर येथे असे व गोतरणीचे अधिकारी त्याच्या अधिकाराखाली काम करीत.

या सभेचा तपशीलवार वृत्तांत कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लिहून ठेवला. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात तो संक्षेपाने आला. गोतरणीचे सहा अधिकारी असत. प्रमुखास रगतवान म्हणत व तो शेष कुळातील असे. चौकशीचा हुकूम तोच देई. केदार कुळातील मेटल हा त्याचा साहाय्यक. रगतवानाच्या गैरहजेरीत तो कारभार पाही. तिसरा साबळा. क्षीरसागर कुळातील हा अधिकारी गावोगाव फिरून लोकांच्या वर्तनाची विचारपूस करी आणि ज्याच्याविषयी प्रवाद असेल त्याला पकडून रगतवानापुढे उभे करी. तक्रार येण्याची वाट पाहणे हे त्याचे काम नव्हते. तक्रारीचा शोध घेणे हे होते. साबळा गावात येऊन गेला, एवढ्यानेच कित्येक गोष्टी घडावयाच्या राहत असतील, असे मानावयास हरकत नाही.

उरलेले तीन अधिकारी शिक्षेची अंमलबजावणी करीत. ढाल्या दोषी माणसाच्या दारावर उंबराची किंवा जांभळीची फांदी लावी. हाडक्या मेलेल्या गाईचे हाड त्याच दारावर बांधी. मडक्या घराच्या शुद्धीवर देखरेख करी आणि धान्याची मातीची मडकी बाहेर काढी. या तिन्ही कृतींत बळाचा वापर जवळजवळ नाही. फांदी म्हणजे सर्व गावाला दिसणारी सूचना. हाडाचा अर्थ त्याहून कठोर आहे : गोहत्येचे पातक ज्या समाजात सर्वांत मोठे, तेथे गाईचे हाड दारावर टांगलेल्या घरात पाऊल कोण टाकणार? पहारेकरी ठेवण्याची गरजच उरत नसे. विटाळाची कल्पना पहाऱ्याचे काम करी आणि शेजारी हेच पहारेकरी होत. अग्नी, पाणी, बेटीव्यवहार, लावणी-कापणीतील परस्परांची मदत, मर्तिकाला खांदा, हे सर्व एकाच वेळी तुटे. डोंगरात एकेकटे घर जगत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या शिक्षेचे वजन कळते. मडकी बाहेर काढण्यामागे मातीच्या भांड्याला लागलेला विटाळ धुऊन जात नाही ही समजूत होती. पण वर्षाचे नागली-वरई ज्यांत साठवायचे ती मडकी गमावणे हा गरीब कुटुंबाला प्रत्यक्ष दंडच होता.

हलक्या मानलेल्या जातीशी शरीरसंबंध किंवा विवाह हा गोतरणीच्या दृष्टीने सर्वांत गंभीर अपराध होता. साबळ्याची नजर साहजिकच स्त्रियांच्या वर्तनावर अधिक असणार. गोतरणीच्या पदाधिकाऱ्यांत स्त्रीला मात्र स्थान नव्हते.

गोतरणी ही सर्वस्वी एकाकी संस्था नव्हे. मराठी अमदानीत गोतसभा वतनाचे आणि जातीचे तंटे सोडवीत असे. साक्षीपुराव्याने निकाल लागला नाही तर दिव्य करण्यात येई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढल्यावर हात पिशवीत घालून त्यावर मोहर करीत व नंतर साक्षीदारांसमोर पिशवी उघडून हाताची पाहणी होई. देवाचा कौल मागायचा, पण मोहर मात्र माणसाची लावायची, हा मेळ बोलका आहे. कोळी, रामोशी, भिल्ल यांच्याकडे गावच्या जागल्याचे आणि घाटाच्या रखवालीचे कामही असे. चोराचा माग ज्या गावाच्या शिवेत शिरेल त्या गावाने तो पुढे दाखवून द्यावा, नाही तर भरपाई करावी, असा रिवाज होता. म्हणजे पाळत ठेवणे हे या जमातींचे वतनी कसबच होते.

परदेशांतही अशी उदाहरणे आहेत. कॅल्व्हिनच्या जिनीव्हात १५४१ च्या धर्मनियमांनुसार स्थापन झालेल्या कन्सिस्टरीचे बारा वडीलधारे सभासद आपापल्या भागातील नागरिकांच्या वर्तनावर लक्ष ठेवीत. गोव्यात १५६० मध्ये आलेल्या आणि मधला खंड वगळता १८१२ पर्यंत टिकलेल्या इन्क्विझिशनने घरातल्या चालीरीतींविषयीही चुगली करणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य ठरविले. १७३६ च्या तिच्या जाहीरनाम्यात दारातील तुळससुद्धा निषिद्ध होती. फरक इतकाच, की तेथे शिक्षेमागे राजसत्तेचे शस्त्र उभे होते.

गोतरणीची सत्ता श्रद्धेवर उभी होती, तशीच भगताचीही. हरसूल-पेठ भागातील कोकणा, वारली, ठाकूर आणि महादेव कोळी या सर्वांत आजार, गुरांचे मरण वा पिकाची नासाडी यांचे कारण भगताला विचारण्याची चाल होती. तांदळाचे दाणे पाहून तो कारण सांगे. कारण कोपलेला देव असेल तर कोंबड्याबकऱ्यावर भागे. ‘भुताळी’ असेल तर एखाद्या बाईवर, पुष्कळदा विधवेवर वा निराधार वृद्धेवर, संशय येई आणि मारहाण, हकालपट्टी, प्रसंगी हत्या यांपर्यंत मजल जाई. गोतरणीपुढे निदान प्रायश्चित्ताची वाट मोकळी होती. भुताळी ठरलेल्या स्त्रीला तीही नसे.

इंग्रजी अमलात गोतरणी मागे पडली. १८२७ च्या मुंबई विनियमाने जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी हात घालू नये असे ठरविल्यामुळे जातीचा अधिकार कागदोपत्री शाबूत राहिला. १८५० च्या कायद्याने जात गेल्यामुळे मालमत्तेचा हक्क जाणार नाही, एवढेच संरक्षण दिले. परंतु सरनाईकाची सत्ता संपल्याने अधिकाऱ्यांच्या पाठीशी कोणी उरले नाही. त्यांच्या जागी दुसरी नजर आली. गोतरणीचा वृत्तांत लिहिणारा मॅकिन्टॉश हा स्वतः कोळ्यांची बंडे मोडणारा आणि १८३१ मध्ये उमाजी नाइकास पकडणारा अधिकारी होता. जमातीची कुळे, नाते, चाली यांची त्याने केलेली नोंद अभ्यासकांना मोलाची वाटते. ती मुळात बंदोबस्तासाठी गोळा झालेली माहिती आहे, हेही विसरता येत नाही.

ही नवी नजर दीर्घकाळ अपुरी ठरली. सावकारांविरुद्ध उठलेला राघोजी भांगरे १८४४ नंतर सरकारला वर्षानुवर्षे सापडला नाही. तो अखेर डोंगरात नव्हे, तर पंढरपुरात हाती लागला आणि २ मे १८४८ रोजी ठाणे येथे त्यास फाशी देण्यात आले. एकमेकांवर पाळत ठेवणारा समाज बाहेरच्या पाळतीपुढे मुका राहू शकतो, याचे हे उदाहरण होय. डिसेंबर १८५७ मध्ये बंडकऱ्यांनी हरसूलचा बाजार लुटला. त्या उठावाबद्दल पेठचा राजा भगवंतराव यास फाशी झाली. १८७८ मध्ये संस्थान खालसा झाले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता; १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढून तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यानुसार जाहीर झालेल्या जमातींतील माणसांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. मुंबई राज्यात तो १९४९ मध्ये व देशात १९५२ मध्ये रद्द झाला.

बहिष्काराच्या प्रश्नाला कायद्याने प्रथम मुंबई राज्यात १९४९ मध्ये हात घातला. त्या वर्षीचा बहिष्कृती-प्रतिबंधक कायदा सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ पोकळी राहिली. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्या व्यक्तीस करणी करणारी म्हणून जाहीर करणे गुन्हा ठरविले. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ मध्ये संमत होऊन २०१७ मध्ये अंमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

हरसूलचा परिसर अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेस जमातीच्या परंपरा आणि तंटे मिटविण्याच्या रूढ पद्धती जतन करण्याचा अधिकार दिला असून महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. या ग्रामसभेत गोतरणीप्रमाणे वंशपरंपरागत पदे नाहीत आणि गावातील प्रौढ स्त्रियाही तिच्या सभासद असतात.