जादूच्या पेटीतील दिवा : सुरक्षित आणि स्वस्त

नागपूरच्या लकडगंजची ओळख लाकडाच्या वखारी आणि प्लायवूडच्या व्यापारामुळे आहे. जादूगाराची माणूस ‘गायब’ करणारी पेटी, गणेशोत्सवातील देखाव्याची चौकट किंवा नाटकातील भुताचा आरसा अशाच मालातून उभा राहतो. प्लायवूड, लाकडी पट्ट्या, काळे कापड, रंग हे सारेच ज्वालाग्राही. त्यात दिवा बसवायचा आणि पुष्कळदा त्याच पेटीत माणूसही दडवायचा. म्हणूनच दिव्याची निवड ही सजावटीइतकीच सुरक्षिततेची बाब ठरते.

रंगभूमीच्या इतिहासाने हा धडा मोठी किंमत मोजून शिकवला आहे. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरॉक्वॉय थिएटरमध्ये आर्क दिव्याच्या ठिणगीने पडदा पेटला आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी २८ डिसेंबर १८८१ रोजी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये रिचर्ड डॉयली कार्ट यांनी पेटता विजेचा दिवा मलमलीत गुंडाळून प्रेक्षकांसमोर फोडला होता. कापडाला आग लागली नाही. दोन्ही दिवे विजेचेच होते. फरक होता तो दिव्याच्या प्रकारात.

प्रकाश किती हवा?

आभासाला प्रखर प्रकाशापेक्षा योग्य जागी पडलेला प्रकाश आणि भोवतीचा अंधार अधिक उपयोगी पडतो. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी दाखविलेले ‘भूत’ तिरप्या काचेतील प्रतिबिंब होते. साधी काच ४५ अंशांत ठेवली असता तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे दहावा हिस्साच परावर्तित होतो. त्यामुळे दडलेल्या नटावर भरपूर उजेड आणि काचेमागे काळोख असावा लागतो. मागचा काळोख जितका गडद, तितका लहान दिवा पुरतो. दिव्याचे वॉट वाढविण्यापूर्वी काळे मखमली कापड लावून पाहणे म्हणूनच स्वस्त पडते.

कोणता दिवा घ्यावा?

तारेच्या जुन्या बल्बमधील बहुतेक वीज उष्णतेत जाते, तर हॅलोजनची काच कापड पेटविण्याइतकी तापते. बंद पेटीत हे दोन्ही वर्ज्य समजावेत. मेणबत्ती आणि कापूर यांचा तर विचारही नको. १२ व्होल्टची एलईडी पट्टी हा सर्वांत सोयीचा पर्याय होय. मीटरला ४.८ वॉटची पट्टी दोन मीटर लावल्यास ९.६ वॉट, म्हणजे ०.८ अँपिअर प्रवाह लागतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बंदिस्त बॅटरी हा भार प्रयोगभर सहज पेलते आणि २३० व्होल्टची तार पेटीत न्यावीच लागत नाही.

कमी व्होल्टेज म्हणजे आगीपासून अभय नव्हे. बॅटरीची तार घासून शॉर्टसर्किट झाल्यास मोठा प्रवाह वाहतो व तार लाल होते. यासाठी बॅटरीच्या धन टोकालगतच २ अँपिअरचा फ्यूज बसवावा. पट्टी थेट प्लायवूडवर न चिकटवता ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवावी. उष्णता पसरून जाते. पट्टी गुंडाळीत असताना पेटवू नये. पॉवर बँक वापरायची असल्यास आधी तपासावी, कारण भार फार कमी असला की अनेक पॉवर बँक आपोआप बंद होतात आणि ऐन प्रयोगात अंधार होतो.

वीज मुख्य जोडणीतून घ्यायचीच असेल, तर बीआयएस नोंदणी असलेला एलईडी ड्रायव्हर पेटीबाहेर, हवा खेळेल अशा जागी ठेवावा आणि जोडणीवर ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी असावे. बचत करायची ती दिव्यांच्या संख्येत करावी; फ्यूज, तार आणि ड्रायव्हरमध्ये नव्हे.

प्रयोगापूर्वी

पेटी बंद करून दिवा तासभर सुरू ठेवावा. नंतर पट्टी, जोड आणि तार यांना हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल तर मांडणी बदलावी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे ध्यानात घेऊन चाचणी दुपारीच करावी. पेटीतील माणसाला दिवा बंद करता आला पाहिजे आणि दार आतून, अंधारात, एका हाताने उघडता आले पाहिजे. हे जमले नाही, तर प्रयोग पुढे ढकलावा.