आरमार आणि फणसाचे झाड

एम.ए.च्या वर्गात रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ शिकविताना एक उतारा दरवर्षी हमखास येतो. जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या मुलांसारखी वाढविलेली असतात, असा त्याचा आशय आहे. विद्यार्थी समासात ‘पर्यावरणविचार’ अशी टीप लिहितात आणि आम्हीही ती वर्षानुवर्षे तशीच लिहू देत आलो. हा उतारा ज्या प्रकरणात आहे त्याचा विषय आरमार आहे, याकडे आमचे पुरेसे लक्ष गेले नव्हते. जहाजबांधणीच्या उद्योगाला लाकूड कोठून आणि कोणत्या अटीवर मिळवावे, हा अमात्यांपुढचा प्रश्न आहे. राज्यातील सागवानासारखी झाडे परवानगीने तोडावीत, उणे पडेल ते परमुलखातून विकत आणावे, फणस म्हातारा झाला असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावा. जुलूम करू नये. १७१५ च्या सुमारासचे हे लेखन आहे. सागरी उद्योगाचे धोरण म्हणून ते वाचले, तर कोकण किनाऱ्याच्या पुढच्या सव्वाशे वर्षांचा इतिहास आपल्याला वेगळा दिसू लागतो.

समुद्राशी निगडित उद्योगांचे केंद्र उभारायचे म्हणजे काय लागते? सुरक्षित बंदर, लाकूड, कसबी हात, गिऱ्हाईक आणि पाठीशी उभे राहणारे राज्य. यांतले एक जरी निसटले तरी केंद्र डळमळते, याचा पहिला अनुभव खुद्द शिवाजी महाराजांना आला होता. कल्याण-भिवंडीच्या खाडीत त्यांनी जहाजे बांधायला घेतली, तेव्हा रुय लैतांव व्हियेगश या पोर्तुगीज जाणकाराच्या हाताखाली पोर्तुगीज कारागीर कामाला होते. १६५९ च्या सुमारास वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून ते निघून गेले. तरीही काम थांबले नाही. उसने कसब केव्हाही परत जाऊ शकते, हा धडा मात्र मिळाला.

आंगऱ्यांच्या काळात हे कसब किनाऱ्यावर चांगले रुजले. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत खडक फोडून केलेली गोदी आजही पाहायला मिळते. गुराबा आणि गलबते तेथे बांधली जात, दुरुस्त होत. परंतु फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि तुळाजी आंगऱ्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. टोपीकरांना समुद्रकाठी वखारीसाठी जागा देऊ नये, दिलीच तर आत, समुद्रापासून दूर द्यावी, असे अमात्यांनी चाळीसच वर्षांपूर्वी बजावले होते.

त्याच सुमारास उत्तरेला मुंबईत दुसरे केंद्र आकार घेत होते. तोवर पश्चिम किनाऱ्यावरील जहाजबांधणीत सुरतेचा दबदबा होता. तिथल्या गोदीतील लवजी नसरवानजी हा पारशी मुकादम १७३६ मध्ये काही सुतारांना बरोबर घेऊन कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईत आला. ‘वाडिया’ हे घराण्याचे नाव जहाज बांधणाऱ्यासाठी असलेल्या गुजराती शब्दावरून पडले. १७५० च्या सुमारास मुंबईत सुकी गोदी झाली आणि १८१० पर्यंत मोठ्या युद्धनौका मावतील अशी डंकन गोदीही पुरी झाली. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे, दरवाजे लावायचे, पाणी काढून टाकायचे आणि उघड्या पडलेल्या तळावर काम करायचे, ही सुक्या गोदीची रीत.

दुसरी गोष्ट सागवानाची. युरोपात जहाजे ओकच्या लाकडाची होत. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागात तेल असते, त्यामुळे खिळे टिकतात आणि लाकूडही सहजी कुजत नाही. शिवाय इथले सुतार फळ्या नुसत्या शेजारी ठेवून फटी बुजवीत नसत. खाच पाडून एकीत दुसरी बसवीत. जमशेटजी बमनजी वाडियांनी ब्रिटिश नौदलासाठी बांधलेली ‘मिंडेन’ १८१० मध्ये पाण्यात उतरली. १८१३ च्या ‘कॉर्नवॉलिस’वर पुढे १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच खडकीची लढाई झाली. पेशवाई बुडाली; ती नौका मात्र इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. या नौकांबरोबर वाडियांची नावे राहिली. त्यांच्या हाताखालच्या सुतारांची, लोहारांची, शिडे शिवणाऱ्यांची नावे सहसा राहिली नाहीत.

एवढा साग आला कोठून? मुख्यतः मलबारातून. आणि इथे अमात्यांच्या फणसाची आठवण होते. १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला मलबारात वनरक्षक नेमले (विजयदुर्गावर आलेला वॉटसन निराळा) आणि सागावर सरकारी मक्ता बसविला. खाजगी जमिनीतल्या झाडांवरचा मालकांचा हक्कही गेला. राजी करणे, मोल देणे हे अमात्यांनी सांगितलेले सोपस्कार संपले. असंतोष इतका वाढला की १८२३ मध्ये हा मक्ता रद्द करावा लागला. जंगले मात्र बरीच तुटली होती; म्हणून १८४० च्या दशकात निलंबूर येथे साग लावायला सुरुवात झाली. सागही वर्षा-दोन वर्षांत होत नाही.

पुढची अडचण कायद्याची होती. हिंदुस्थानात बांधलेली जहाजे थेम्स नदीत माल आणू लागली, तेव्हा लंडनच्या जहाजबांधणाऱ्यांनी ओरड केली. हिंदी खलाशांना ब्रिटिश नाविक समजायचे नाही, असे १८१४ च्या कायद्याने ठरले. मग वाफ आणि लोखंड आले. या नव्या विद्येची मुंबईला भीती वाटली, असे मुळीच नाही. १८२९ मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईतच बांधली गेली. अर्देशिर खुर्शेदजी वाडियांनी १८३४ मध्ये आपल्या घरी गॅसचे दिवे लावले आणि १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी सदस्य झाले. त्याच घराण्यातले दोन तरुण जहाजबांधणी शिकायला १८३८ मध्ये इंग्लंडला गेले आणि तिथल्या वास्तव्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. हात होते, बुद्धी होती, गोदी होती. नव्हते ते स्वतःचे लोखंड, स्वतःची यंत्रे आणि स्वतःचे राज्य. लाकडी शिडांच्या जहाजांबरोबर मुंबईचे ते वैभवही ओसरले.

मुंबईची गोदी आज नौदलाकडे आहे आणि माझगावला पाणबुड्याही बांधल्या जातात, हे खरेच आहे. पण किनाऱ्यावर नव्या योजना येतात तेव्हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तीही कोळी बांधवांचा अनेक वर्षांचा विरोध असताना. बंदर हवे की नको, हा निवाडा आम्ही मराठीचे अध्यापक करू शकत नाही. पण जुन्या मजकुराचे नीट वाचन करून देणे हे तर आमचेच काम आहे. समुद्रावर सत्ता हवी असलेला, आरमाराची निकड पुरेपूर जाणणारा एक मुत्सद्दी तीनशे वर्षांपूर्वी म्हातारा फणससुद्धा मालकाला विचारून तोडा, असे राजाज्ञेत लिहितो. यंदापासून त्या उताऱ्याच्या समासात ‘पर्यावरण’ या शब्दाशेजारी ‘उद्योग’ हा शब्दही लिहा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगणार आहोत.