सुरतेच्या किल्ल्याचा बार

ठासणीच्या बंदुकीने शिकार केलेल्या जुन्या माणसांस विचारावे. नेम डोळ्याने धरावा लागतो खरा, परंतु साधतो तो दारूच्या मापाने. शिंगातून दारू ओतावी, वर गोळी बसवावी, गजाने दर वेळी सारख्याच जोराने ठासावे. दारू थोडी अधिकउणी झाली की गोळी भरकटलीच! प्रत्येक बंदुकीचे माप निराळे. ते पुनःपुन्हा बार काढूनच कळावयाचे.

तोफेचाही न्याय हाच. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा नगराचा अधिकारी इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. पोर्तुगीजांच्या धाकाने सोळाव्या शतकात बांधलेला हा किल्ला. त्यावरून तोफा डागल्या गेल्या. मात्र त्यांनी मराठ्यांपेक्षा नगराचीच हानी अधिक केली, असे तत्कालीन इंग्रजांनी लिहून ठेविले आहे. शत्रू आपल्याच गल्ल्यांत शिरल्यावर, माप कितीही अचूक असले तरी, नेम धरावा कोठे? लुटीचा हिशेब इतिहासकार आवर्जून मांडतात. या गोळ्यांनी पडलेल्या घरांचा उल्लेख ओझरताच येतो.

जॉर्ज ऑक्झेंडनने इंग्रजांची वखार राखली. पुढे औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांस एक वर्षाची जकात माफ केली.