ओस्तेरिया

इटलीतल्या शहरांत खाण्याच्या जागांवर रिस्तोरांते, त्रात्तोरिया आणि ओस्तेरिया अशा तीन तऱ्हेच्या पाट्या दिसतात. अस्सल आणि परवडणारे जेवण शोधणाऱ्याला यातल्या तिसऱ्या शब्दाची कुळकथा ठाऊक असावी.

‘ओस्ते’ म्हणजे खानावळीचा मालक. हा शब्द लॅटिन ‘होस्पेस’वरून आला. होस्पेसचा अर्थ यजमान आणि पाहुणा असा दुहेरी होता. हॉटेल, होस्टेल, हॉस्पिटल ही त्याचीच भावंडे. इटालियनमध्ये ‘ह’ गळाला आणि ओस्तेरिया उरली: मुळात वाइनची, सोबत साध्या खाण्याची जागा. बोलोन्यातली १४६५ पासूनची ‘ओस्तेरिया देल सोले’ आजही फक्त पेये विकते. खाणे गिऱ्हाइकाने जवळच्या बाजारातून आणायचे.

त्रात्तोरिया मात्र फ्रेंच ‘त्रेतर’कडून आली, म्हणजे तयार जेवण पुरवणाऱ्याकडून.

पण आता नावावर विसंबता येत नाही. मोदेनाच्या ‘ओस्तेरिया फ्रांचेस्काना’ला मिशेलिनचे तीन तारे आहेत! म्हणून पाटी सोडून रोजच्या पदार्थांचा फळा वाचावा. रोममध्ये गुरुवारी ‘न्योक्की’, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, शुक्रवारी मासे आणि शनिवारी ‘त्रिप्पा’, म्हणजे गुराच्या जठराचे कालवण, असा जुना रिवाज आहे. तो पाळणारी खानावळ बहुधा आसपासच्या लोकांसाठी रांधत असते. जुन्या कत्तलखान्याच्या तेस्ताच्यो भागात तर शेपटीचा रस्सा हाच मानाचा पदार्थ. बसण्यापूर्वी दरपत्रकात ‘कोपेर्तो’, म्हणजे माणशी बैठक-आकार, किती लिहिला आहे तेही पाहून घ्यावे.