राष्ट्रीय सेवा योजना
महाविद्यालयीन शिक्षणाला समाजसेवेची जोड देणारा भारत सरकारचा उपक्रम. महाराष्ट्रात ‘रासेयो’ किंवा ‘एनएसएस’ या संक्षेपांनी परिचित. पदवीपूर्वी सेवा सक्तीची करावी, अशी शिफारस चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1959 च्या सुमारास केली होती. तथापि सक्ती मागे पडून, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत ही योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू केली. कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्र हे तिचे बोधचिन्ह होय.

स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास नियमित काम करावे आणि दत्तक गावातील सात दिवसांच्या निवासी शिबिरात, म्हणजेच विशेष शिबिरात, सहभागी व्हावे, अशी अपेक्षा असते. या कामाचे नियोजन ‘कार्यक्रम अधिकारी’ म्हणून नेमलेला प्राध्यापक अध्यापन सांभाळून करतो, त्यामुळे एककाचा, म्हणजे महाविद्यालयातील स्वयंसेवक-गटाचा, कस बहुधा त्याच्याच उत्साहावर ठरतो. वृक्षारोपण, रक्तदान, श्रमदानातून बंधारे, ग्रामसर्वेक्षण ही नेहमीची कामे होत. त्यांपैकी सर्वेक्षणाचा अभ्यासविषयाशी सर्वांत निकटचा संबंध येतो, मात्र प्रत्यक्षात तेच बरेचदा उपेक्षित राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमात या कामाला सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक मिळू लागले आहेत.